छत्रीबागेच्या शहरातला कलाछंद

इंदूरमध्ये कलाकुसर पाहायला संग्रहालयाचे तिकीट काढावे लागत नाही. राजवाड्यापासून फार दूर नाही, जुन्या शहरातच छत्रीबाग ही वस्ती आहे. होळकर घराण्यातल्या व्यक्तींच्या स्मरणार्थ बांधलेल्या दगडी छत्र्या तिथे उभ्या आहेत. त्यांच्या सावलीत भाजी घेणारी, शाळेत जाणारी, लक्ष्मी-वेंकटेशाच्या रथयात्रेला गर्दी करणारी माणसे राहतात. शिल्प असे येताजाता डोळ्यांसमोर असेल, तर त्याचा परिणाम होतोच. मात्र तो पिढ्यांनी मोजावा लागतो. इंदूरच्या कलाछंदाचा इतिहास पाहताना हे लक्षात ठेवलेले बरे, कारण या शहरात कलेवर अफाट पैसाही ओतला गेला, आणि टिकले मात्र वेगळेच काही.

छत्री म्हणजे दहनस्थळी किंवा केवळ स्मृतीसाठी उभारलेली वास्तू. मल्हारराव होळकर १७६६ साली आलमपूरला वारले. तिथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधली. इंदुरात अशा छत्र्यांचे दोन मोठे समूह आहेत. छत्रीबागेतला समूह आधीच्या पिढ्यांचा. कृष्णपुऱ्यातला नंतरचा, तिथे कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत. वास्तूची मांडणी देवळासारखीच असते: उंच जोते, खांबांचा मंडप, आत गाभारा, वर शिखर. पण कमानींवर मोगल वळण दिसते, घुमट्या आणि छज्जे राजपुतान्याची आठवण देतात आणि शिखर दख्खनच्या देवळांशी नाते सांगते. आश्रयदाते मराठे आणि काम करणारे हात माळव्याचे, राजस्थानचे, म्हटल्यावर असे व्हायचेच. पाथरवटाने शैलीचा वाद घातला नाही. त्याला जे येत होते आणि धन्याला जे आवडत होते, ते त्याने एका ओळंब्यात बसवले.

होळकरांच्या आश्रयाची दुसरी खूण महेश्वरला सापडते. अहिल्याबाईंनी नर्मदाकाठी राजधानी नेली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. महेश्वरी लुगड्याच्या काठावर ‘ईंट’, ‘चटाई’, ‘लहर’, ‘चमेली का फूल’ अशा नावांच्या नक्ष्या असतात. त्यातल्या बऱ्याचशा किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून घेतल्याचे विणकर सांगतात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, म्हणजे लुगडे उलटे नेसले तरी चालावे, ही महेश्वरीची खासियत. विसाव्या शतकात हा धंदा मोडकळीला आला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढून हातमागांना पुन्हा काम मिळवून दिले. किल्ल्यातला दगड जागचा हलत नाही, पण त्याची नक्षी विणकराच्या हातून काठावर चढली आणि गावोगाव पोचली.

दरबार आणि माग यांच्यापलीकडे घराघरांतली कला होती, आणि छंद लागतो तो बहुधा तिथेच. माळव्यात भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली संजा मांडतात. भिंतीचा एक तुकडा सारवायचा, त्यावर शेणाने रोज नवी आकृती उठवायची आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवायची. आकृत्या तिथीवार ठरलेल्या: पंचमीला पाच कुँवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल. शेवटी किलाकोट. त्यात कोटाच्या भिंतीच्या आत सूर्य, चंद्र, माणसे, जनावरे अशी सगळी वस्ती येते. संध्याकाळी आरती आणि गाणी होतात. पंधरवडा संपला की सारे खरवडून पाण्यात सोडायचे. महाराष्ट्रातल्या मुलींचा भोंडला किंवा भुलाबाई याच दिवसांच्या आसपासची. इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलींना दोन्ही ओळखीची. संजेला विकत आणावे लागते असे जवळजवळ काहीच नाही. शिवाय हे काम टिकवायचे नसते, त्यामुळे चुकण्याची भीती नसते. पुढच्या वर्षी पुन्हा करायचेच असते. दाराशी गेरूवर खडूच्या पांढऱ्या रेषांनी काढलेले मांडणे आणि मराठी अंगणातली ठिपक्यांची रांगोळी यांचेही तसेच आहे. अशा सवयी हाताला लागल्या की वयाबरोबर सुटत नाहीत; म्हातारपणी कंबर वाकत नसली तरी पाटावर रांगोळी निघतेच.

या घरगुती आवडीला शिस्त लावणारे गुरू इंदूरला लाभले ते दत्तात्रय दामोदर देवळालीकर. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या देवळालीकरांनी १९२७ मध्ये होळकर दरबाराच्या पाठबळावर इंदुरात चित्रकला विद्यालय सुरू केले. विद्यार्थी मुंबईच्या परीक्षांना बसत, पण शिकवण्याची तऱ्हा मुंबईची नव्हती. त्या काळच्या कलाशाळांत प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास महिनोन्‌महिने चाले. देवळालीकर मुलांना रंगपेटीसह बाहेर काढत. नदीकाठ, घाट, बाजार, जुन्या वास्तू हाच त्यांचा वर्ग. उन्हात भिंतीचा रंग प्रत्यक्षात कोणता दिसतो, सावली काळी असते की निळसर, रेषा न घोटता नुसत्या रंगाच्या फटकाऱ्याने आकार कसा उभा राहतो, हे तिथे शिकायला मिळे. निसर्गचित्रणाचे ‘इंदूर स्कूल’ म्हणून जे नाव झाले, त्याचे मूळ इथे आहे. आज इंदूरच्या शासकीय ललितकला संस्थेतले कलादालन देवळालीकरांच्या नावाने ओळखले जाते.

या शाळेतून निघालेले विद्यार्थी पाहिले की एका गुरूच्या हातून किती वेगवेगळी माणसे घडू शकतात याचे नवल वाटते. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) इंदूरचेच. १९५० मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले आणि स्वतंत्र भारतातली एक महत्त्वाची कलासंस्था त्यांनी उभी केली. १९६६ मध्ये पद सोडले ते पूर्णवेळ चित्रे काढण्यासाठी. घनवादापासून बिंदूंनी रंग भरण्यापर्यंत त्यांनी कितीतरी पद्धती हाताळल्या, तरी माणसे आणि निसर्ग समोर बसून पाहण्याची इंदुरी सवय सोडली नाही. देवकृष्ण जटाशंकर जोशी महेश्वरचे. नर्मदेचे घाट त्यांनी आयुष्यभर रंगवले. पंढरपूरला १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचे बालपण इंदुरात गेले आणि कलेचे पहिले धडेही त्यांनी इथेच गिरवले. पुढे मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून त्यांनी पोट भरले, १९४०च्या दशकात एका फर्निचर कंपनीसाठी लाकडी खेळणी बनवली. त्यांच्या नंतरच्या चित्रांतली कापून काढल्यासारखी ठसठशीत आकृती पाहिली, की बोर्ड आणि खेळणी यांचे हे दिवस वाया गेले नाहीत हे जाणवते.

याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला अगदी निराळा प्रयोग चालला होता. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुटेझियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून १९३०च्या दशकात माणिकबाग महाल बांधून घेतला. फर्निचर युरोपातल्या नामवंत कारागिरांचे, यंत्रसामग्री अद्ययावत. महाराजांनी कॉन्स्टंटिन ब्रांकुसी या शिल्पकाराचे तीन ‘पक्षी’ विकत घेतले. ते ठेवण्यासाठी ध्यानमंदिर बांधायचे ठरले आणि त्या कामासाठी ब्रांकुसी स्वतः इंदूरला येऊन गेला. मंदिर झाले नाही. संस्थान विलीन झाले, महाल पुढे केंद्र सरकारच्या अबकारी खात्याकडे गेला, १९८० मध्ये फर्निचरचा लिलाव मोनाकोत झाला आणि पक्षीही परदेशी गेले. महाराजांच्या रसिकतेत खोट नव्हती. पण ही कला शहराच्या हाताला कधी लागलीच नाही, त्यामुळे ती गेली तेव्हा बहुतेक इंदूरकरांना काही हरवल्यासारखेही वाटले नसणार.

इंदूरच्या लोकांना जवळचे वाटले ते विष्णू चिंचाळकर (१९१७-२०००). सारे शहर त्यांना ‘गुरुजी’ म्हणे. तेही देवळालीकरांचे विद्यार्थी. व्यक्तिचित्रे आणि जलरंग यांत त्यांनी नाव कमावले, बक्षिसे मिळवली आणि मग रुळलेल्या वाटेकडे पाठ फिरवली. सुकलेले पान, झाडाची साल, बिया, फुटकी बांगडी, तुटकी चप्पल, चिंधी, झिजलेला ब्रश अशा वस्तू त्यांचे साहित्य झाल्या. त्यात युक्ती अशी, की वस्तूवर फारसे काम करायचे नाही. ती फिरवून, उलटी करून, दुसऱ्या वस्तूशेजारी ठेवून पाहायची. आकार तिच्यात असतोच, तो ओळखायचा. साल घोड्याची मान होते, शेंग पक्षी होते. कौशल्याचा सगळा भार अशा रीतीने हातावरून डोळ्यावर येतो, म्हणून पाच वर्षांचे मूल आणि सत्तरीचा आजोबा शेजारी बसून एकच खेळ खेळू शकतात. मुलांसाठी त्यांनी देवनागरी अक्षरे आणि अंक यांतूनही चित्रे काढून दाखवली. ‘खिलते अक्षर खिलते अंक’ हे त्यांचे पुस्तक त्याच वळणाचे.

गुरुजींची मैत्री होती ती कुमार गंधर्व, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते आणि नाट्यकर्मी बाबा डिके यांच्याशी. कुमार १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले होते. गाणे, पत्रकारिता, रंगभूमी, चित्रकला अशी चार कामे करणारे हे चौघे माळव्यात एकमेकांच्या आधाराने रमले. माळव्याची लोकगीते कुमारांनी जशी गावकऱ्यांच्या तोंडून उचलली, तशीच गुरुजींनी त्यांची सामग्री उकिरड्यावरून उचलली. एकाच्या मैफलीला दिल्ली-मुंबई डोलली, दुसऱ्याकडे मुख्यतः शाळकरी मुले जमली. कामाची जात मात्र तीच.

गिरणगावातला छंद याहून गर्दीचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या निघतात. ही प्रथा १९२४ मध्ये हुकुमचंद गिरणीने सुरू केली असे सांगतात. पाठोपाठ मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्या चढाओढीत उतरल्या. गाड्यावर बांबू, लोखंडी सांगाडा, कापड आणि लगदा यांचे अख्खे पौराणिक दृश्य उभे करायचे आणि त्यातल्या आकृत्या हलत्या ठेवायच्या. राक्षसाचे डोके डोलवणारी यंत्रणा बसवणारा माणूस तोच, जो वर्षभर साच्याची दुरुस्ती करी. सुतार, लोहार, शिंपी, वायरमन सगळे गिरणीतलेच. कामाची पाळी संपली की झांकीची पाळी. सोबत आखाडे लाठी-तलवारीचे हात करत चालतात, आणि परीक्षक झांक्या व आखाड्यांना क्रमांक देतात.

हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली. बाकीच्याही एकेक करून थांबल्या. नोकरी गेलेल्या कामगारांची देणी वर्षानुवर्षे कोर्टात अडकली; हुकुमचंदच्या कामगारांना ती मिळण्याची वाट २०२३च्या अखेरीस मोकळी झाली. मधल्या तीन दशकांत गिरणी नसतानाही गिरणीच्या नावाची झांकी निघत राहिली. वर्गणी गोळा करून, महानगरपालिका व विकास प्राधिकरण यांच्या मदतीवर भागवून, निवृत्त हात आणि त्यांची मुले ती उभी करतात. आता पालिका, प्राधिकरण आणि खजराना गणेश मंदिर यांच्याही झांक्या निघतात, एलईडीचा झगमगाट वाढला आहे आणि बरेच काम बाहेरच्या कारागिरांना दिले जाते. तरी गिरण्यांच्या झांक्या मिरवणुकीत आपल्या जुन्याच नावांनी पुकारल्या जातात, आणि त्यांची बांधणी चतुर्दशीच्या कितीतरी आठवडे आधीच सुरू होते.