बिनमैद्याचा केक : कोणाला चालतो, किती चालतो?

वाढदिवसाला, नाताळला किंवा सुट्टीत हल्ली बऱ्याच घरांत केक, कुकीज, मफिन घरीच होतात. घरात कोणाला मधुमेह असेल तर मैद्याऐवजी नाचणी, ज्वारी किंवा गव्हाचे पीठ घेतले जाते आणि ‘हा बिनमैद्याचा आहे, तुम्ही खाऊ शकता’ म्हणून मोठा तुकडा रुग्णाच्या ताटलीत येतो. यामागची माया खरी असते. पण मैदा काढून टाकल्याने नेमका काय फायदा होतो, हे मैदा कोणत्या कारणासाठी बंद केला आहे यावर ठरते. मधुमेह, वजन आणि गव्हातील ग्लुटेन न सोसणे या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

मैद्यात कमी काय असते?

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात : बाहेरचा कोंडा, छोटासा अंकुर आणि आतला पांढरा, पिठूळ भाग. मैदा फक्त या आतल्या भागापासून होतो. त्यामुळे त्यात तंतुमय पदार्थ, ब जीवनसत्त्वे आणि खनिजे कमी असतात. रवासुद्धा मुख्यतः याच भागाचा, फक्त जाडसर दळलेला असतो. म्हणून रव्याचा केक बिनमैद्याचा असला, तरी तब्येतीच्या दृष्टीने तो फार वेगळा नाही.

मैदा आतड्याला चिकटून बसतो, असेही तुम्ही ऐकले असेल. तसे होत नाही. उलट मैदा चटकन पचतो आणि त्याची साखर रक्तात लवकर उतरते. मधुमेहात अडचण येते ती त्यामुळेच.

मधुमेह असेल तर

१०० ग्रॅम मैद्यात साधारण ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच नाचणी, ज्वारी किंवा कणकेत ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे फरक आहे, पण फार मोठा नाही. नाचणीत तंतू जास्त असतात आणि कॅल्शियम भरपूर असते, हा तिचा खरा फायदा आहे. मात्र बारीक दळलेल्या नाचणीचा केक खाल्ल्यावरही रक्तातील साखर वाढतेच.

दुसरा गैरसमज गुळाचा. गूळ, मध आणि खजूर यांतही मुख्यतः साखरच असते. वाटीभर साखरेऐवजी वाटीभर गूळ घातला, तर रक्तातील साखरेच्या दृष्टीने जवळपास काहीच बदलत नाही. ‘शुगर-फ्री’ बिस्किटांतही पीठ असतेच, हे विसरू नका.

म्हणून कोणते पीठ वापरले यापेक्षा एका तुकड्यात एकूण कर्बोदके किती, हे पाहा. एका मध्यम पोळीत सुमारे २० ग्रॅम असतात. केकचा तुकडा जेवणानंतर वरून खाण्याऐवजी एका पोळीच्या जागी खा. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर तपासा. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी खाण्यानंतरची साखर १८०च्या आत ठेवण्याचे लक्ष्य असते. वयस्कर व्यक्तींसाठी तुमचे डॉक्टर वेगळा आकडा सांगू शकतात. त्या पदार्थाचा किती तुकडा तुम्हाला मानवतो, ते अशा दोन-तीन नोंदींवरून कळते.

वजन कमी करायचे असेल तर

बदामाच्या पुडीत कर्बोदके कमी असतात, पण १०० ग्रॅम बदामांत सुमारे ६०० कॅलरी असतात. मैद्यात साधारण ३५० असतात. त्यामुळे बदामाचा केक साखर कमी वाढवील, पण पोटभर खाल्ला तर वजन वाढवील. किडनीचा आजार असेल तर नाचणी, बदाम आणि बेकिंग पावडर यांतील पोटॅशियम किंवा फॉस्फरसचाही विचार करावा लागतो. अशा रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सिलिअॅक आजार असेल तर

या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. इथे ‘मैदा नको, कणीक चालेल’ हे पूर्णपणे चूक आहे. कणीक, रवा, दलिया आणि गव्हाच्या शेवया, सगळ्यांत ग्लुटेन असते. नाचणी, ज्वारी, बाजरी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा आणि बेसन यांत ते मुळात नसते.

पण इथे थोडेसे ग्लुटेनही बाधते, म्हणून पुढील गोष्टी सांभाळा :

• गिरणीत गव्हानंतर लगेच तुमची नाचणी दळली, तर गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. घरघंटी वापरा किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेले पाकीट घ्या.
• केकच्या भांड्याला तूप लावून त्यावर मैदा भुरभुरू नका. तांदळाचे पीठ वापरा.
• चाळणी आणि केकचे भांडे वेगळे ठेवा.
• बेकिंग पावडर, ओट्स आणि चॉकलेट यांची लेबले वाचा. साधे ओट्स गव्हाबरोबर हाताळलेले असू शकतात.

मुलाची उंची-वजन वाढत नसेल, जुलाब किंवा पोट फुगणे महिनोन् महिने चालू असेल, किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर डॉक्टरांना सिलिअॅकबद्दल विचारा. रक्ताची टीटीजी तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केल्यास तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि निदान लांबते.

घरी करून पाहा : नाचणी-बदाम केक

साहित्य : नाचणीचे पीठ १२० ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, किसलेला गूळ ८० ग्रॅम, २ अंडी, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, लागेल तसे दूध, १ चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलची.

नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे केक भुसभुशीत होतो. त्याला धरून ठेवण्याचे काम अंडी करतात. अंडी चालत नसतील तर दर अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून घ्या. सोडा आणि बेकिंग पावडर सोडून बाकी सगळे एकत्र करून १५ मिनिटे ठेवा, म्हणजे पीठ मुरते आणि केक चरचरीत लागत नाही. मग सोडा आणि बेकिंग पावडर मिसळून १८० अंश सेल्सिअसवर ३० ते ३५ मिनिटे भाजा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर चुरा होईल.

याचे १२ तुकडे केले, तर एका तुकड्यात सुमारे १४ ग्रॅम कर्बोदके आणि १४० कॅलरी येतात. मधुमेह असलेल्या बहुतेकांना एक तुकडा जेवणात बसवता येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा आकडा डोस ठरवताना डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे धरावा.

घरच्यांना एकच विनंती. रुग्णासाठी वेगळा केक आणि बाकीच्यांसाठी वेगळा, असे करू नका. सगळ्यांसाठी हाच केक करा आणि सगळ्यांनी एकेकच तुकडा घ्या. पथ्य एकट्याने पाळण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पाळले तर जास्त दिवस टिकते.