हेवा आणि त्याचा उतारा

देखण्या बालकाच्या गालावर काजळाची तीट लावण्याची चाल आपल्या परिचयाची आहे. तिन्हीसांजा मीठ-मोहऱ्या उतरून चुलींत टाकावयाच्या. मोहऱ्या तडतडल्या कीं आजीबाईंचें समाधान! शास्त्राच्या कसोटीस ही चाल उतरणार नाहीं. तथापि दुसऱ्याचें रूप पाहून मनुष्याच्या मनांत कांहीं तरी सलतें, हें पूर्वजांनीं ओळखलें होतें, एवढें त्यावरून खचित दिसतें.

हा सल दूरच्याविषयीं सहसा नसतो. आमच्या ढोकीसारख्या गांवांत राजेरजवाड्यांचा हेवा कोण करणार? बांधाला बांध लागलेल्या शेतकऱ्याचा ऊस आधीं कारखान्यास गेला म्हणजे मात्र झोंप उडते. वय, स्थळ आणि प्रतिष्ठा यांनीं जवळ असलेल्यांचाच मत्सर वाटतो, असें ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे. आणि मनुष्य आपलें मोल आपल्यासारख्यांशीं ताडून ठरवितो, असें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर यांनीं १९५४ सालीं मांडलें. आतां खिशांतल्या फोननें दूरचे चेहरेही शेजारीं आणून बसविले आहेत, तेही घासूनपुसून उजळ केलेले! या हेव्यावर व्यापारही चालतो. १९७५ सालीं निघालेल्या 'फेअर अँड लव्हली' मलमाच्या नांवांतून 'फेअर' हा शब्द २०२० सालीं गेला; वधूवरांच्या जाहिरातींतून 'गोरी' हा शब्द मात्र अद्याप गेलेला नाहीं.

मग उपाय काय? पतंजलीनें सुखी मनुष्याशीं मैत्रीची भावना ठेवण्यास सांगितलें आहे. वरवर हा भाबडा उपदेश वाटेल. पण वर्गांत पहिल्या येणाऱ्या मुलाशीं मैत्री जडली म्हणजे त्याची वही मागावयास संकोच उरत नाहीं, हें मीं पुष्कळदां पाहिलें. जवळच्या तेर गांवच्या गोरोबाकाकांनीं डोक्यावर थापटणें मारून नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, अशी आख्यायिका आहे. नामदेवांस तें झोंबलें. परंतु परीक्षकाची निंदा करीत न बसतां ते अखेर विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले.

येथें एक भेद राखला पाहिजे. शेजाऱ्याचें नाक सरळ आहे म्हणून जळणें निराळें, आणि आपल्याला दाराबाहेर ठेवलें म्हणून दुखावणें निराळें. दुसऱ्या दुःखास हेवा म्हणणाऱ्याची जीभ फार सैल समजावी. चोखोबांना पंढरीच्या देवळांत प्रवेश नव्हता; त्यांची समाधि महाद्वाराच्या पायरीशींच आहे. तें दार अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं साने गुरुजींना पंढरपुरांत उपोषणास बसावें लागलें.