प्रकाशाच्या साहाय्याने मेंदूतील रक्तप्रवाहाचे मापन

सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे गडद तांबडा आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, ऊतींत तुलनेने कमी शोषला जात असल्याने त्वचा व कवटी ओलांडून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञाने या प्रकाशाने मेंदूतील ऑक्सिजनची स्थिती बाहेरून टिपता येते हे दाखवले. तथापि रक्तात ऑक्सिजन किती आहे आणि ते रक्त किती वेगाने वाहते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी कपाळावर टेकवलेल्या काचतंतूतून लेसर सोडला जातो, तो ऊतींत असंख्य वेळा विखुरतो, आणि अडीच-तीन सेंटिमीटरवरील दुसऱ्या तंतूपाशी जे मोजके प्रकाशकण परततात, त्यांच्या तरंगांच्या मिसळण्यातून उजळ व काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटते. तांबड्या रक्तपेशी सरकत असल्याने ही नक्षी सतत बदलत राहते. तिचे चढउतार जितके जलद, तितका प्रवाह अधिक. या पद्धतीला विसरित सहसंबंध वर्णपटमापन म्हणता येईल.

तिचे खरे मोल अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत जाणवते, कारण त्यांची कवटी पातळ असते आणि नाजूक बाळाला खाटेवरून न हलवता त्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा तासन्‌तास पाहता येतो. प्रौढांत मात्र डोक्याच्या त्वचेतील रक्ताचा संकेतही त्यात मिसळतो, म्हणून मिळणाऱ्या आकड्यापेक्षा त्यात होणारा बदलच अधिक विश्वासार्ह मानावा लागतो.