पाकिटाच्या पलीकडचा पैसा

चंद्रपूर-गडचिरोलीत निवडणुकीचा विषय निघाला की टपरीवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: सगळा पैशाचा खेळ आहे. वाक्य खोटं नाही. पण कोणाचा पैसा, आणि तो नेमका कुठे खेळतो, असं विचारलं की गाडी मतदानाच्या आदल्या रात्रीपाशी येऊन थांबते. जमिनीखाली कोळसा आणि लोखंड, वर बांबू आणि तेंदू असलेल्या या दोन जिल्ह्यांत तेवढ्यावर थांबलं तर बरंच काही नजरेतून सुटतं.

“पैशाचं राजकारण म्हणजे आदल्या रात्रीचं पाकीट”

पाकिटं वाटली जातात. तो गुन्हाही आहे आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ‘भ्रष्ट आचार’ही. पण पाकीट घेतलेला माणूस यंत्रासमोर एकटाच उभा असतो. एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याचं बटण दाबणारे सगळ्याच गावांत आहेत. वाटणाऱ्यांनाही हे माहीत असतं. समोरचा वाटतो म्हणून आपण वाटायचं, एवढाच त्यांचा हिशेब. ‘जंगलातला माणूस दारू-पैशावर मत देतो’ हे शहरात बसून बोलणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात सर्वाधिक मतदान गडचिरोली-चिमूरमध्ये झालं, सुमारे ७२ टक्के. या मतदारसंघाच्या बऱ्याच भागात मतदान दुपारी तीनलाच बंद होतं, आणि केंद्र गाठायला लोक मैलोन्‌मैल चालतात.

खर्चाच्या मर्यादेबद्दलचा समजही असाच अर्धा आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये, हे खरं. जिल्हा निवडणूक अधिकारी चहाचा कप, नाश्त्याची प्लेट, प्लास्टिकची खुर्ची, मंडप आणि भोंगा लावलेली गाडी यांचे दर ठरवून देतात. सभेला माणूस पाठवून खुर्च्या मोजल्या जातात आणि वेगळ्या नोंदवहीत चढवल्या जातात. हे सगळं उमेदवाराचं. पक्षाच्या खर्चाला मात्र कायद्यात मर्यादाच नाही. खुर्ची न खुर्ची मोजली जाते, पण त्याच सभेला हेलिकॉप्टरने आलेल्या स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरायला सांगितलं होतं. संसदेने लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. सत्तेतला पक्ष पुढे अनेकदा बदलला, पण ही पळवाट बुजवावी असं फारसं कोणाला वाटलं नाही.

जाता जाता एक सांगतो. उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि एक रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. आपल्याकडे हा रुपया फार कमी लोक खर्च करतात.

“कंपनीने पक्षाला पैसे देणं म्हणजे लाच, ते चोरूनच होतं”

चोरूनही होतं. पण मोठी रक्कम राजरोस, कायद्याच्या वाटेने जाते, आणि ती वाट कशी रुंद होत गेली याचा धागा चांदा (जुन्या चंद्रपूर) जिल्ह्यापर्यंत मागे नेता येतो. जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचा विचार घोळू लागला तो १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल वाचून. तो होता चांद्यातल्या लोहारा इथल्या लोहखनिजावर. त्याच जिल्ह्यातल्या वरोऱ्याचा कोळसा तपासणीत कामाचा ठरला नाही, लोहाऱ्याचा बेतही पुढे सोडून द्यावा लागला, आणि कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरात.

कंपनी स्थापन झाली १९०७ मध्ये. बरोबर पन्नास वर्षांनी, १९५७ मध्ये, हीच टाटा आयर्न अँड स्टील मुंबई उच्च न्यायालयात होती. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून तिला आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली होती. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना कायद्यात मनाई सापडली नाही, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देताना बजावलं, की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळेल, संसदेने वेळीच लक्ष घालावं.

संसदेने लक्ष घातलं, पण दर वेळी वेगळ्या दिशेने. १९६० मध्ये मर्यादा आली: २५ हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. बंदीने पैसा थांबला नाही, रोखीत गेला. १९८५ मध्ये दार पुन्हा उघडलं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली आणि २०१७ मध्ये तीही काढून टाकण्यात आली. नफ्याची अट गेली म्हणजे तोट्यातली किंवा नावापुरती कंपनीसुद्धा हवे तेवढे कोटी देऊ शकत होती.

“निवडणूक रोखे रद्द झाले, विषय संपला”

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला पक्षांना निनावी देणगी देऊ देणाऱ्या रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली आणि नफ्याची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. महिन्याभरात रोखे कोणी घेतले आणि कोणाला मिळाले याच्या याद्या बाहेर आल्या. सर्वात मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी निघाली, १,३६८ कोटींची. सर्वाधिक पैसा भाजपला गेला होता, सहा हजार कोटींच्या वर. तृणमूल आणि काँग्रेसच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे दीड हजार कोटी.

योजना गेली, देणग्या राहिल्या. धनादेशाने थेट देता येतं, आणि २०१३ पासून ‘निवडणूक न्यास’ आहेतच. अनेक कंपन्या न्यासात पैसे टाकतात, न्यास अनेक पक्षांना वाटतो. दोन्ही याद्या जाहीर होतात, पण कोणाचे पैसे कोणाकडे गेले हे त्यांवरून जुळवता येईलच असं नाही.

‘आमचा पक्ष वेगळा’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी गोव्याच्या खाणींशी जोडलेलं एक प्रकरण. मूळ कंपनी परदेशात असलेल्या वेदांत समूहातल्या सेसा गोवा आणि स्टरलाइट या कंपन्यांनी काँग्रेस आणि भाजप, दोघांनाही देणग्या दिल्या होत्या. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी परदेशी देणगीचा कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर ‘परदेशी स्रोत’ कशाला म्हणायचं हेच बदललं गेलं. आधी २०१६ मध्ये बदल झाला, आणि २०१८ मध्ये तो थेट १९७६ पासून लागू करण्यात आला. वित्त विधेयकात घालून झालेल्या या दुरुस्तीवर दोन्ही बाकांवरून फारसा आवाज निघाला नाही.

“जनसुनावणी झाली म्हणजे गावाने होकार दिला”

हा गैरसमज या भागासाठी सर्वात महागडा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लॉइड्स मेटल्स कंपनीला २००७ मध्ये ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. वर्षाला ३० लाख टनांऐवजी एक कोटी टन खनिज काढायचं ठरलं तेव्हा पर्यावरणविषयक जनसुनावणी आली. २००६ ची अधिसूचना म्हणते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा त्याच्या अगदी जवळ व्हावी. ती झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. सुरजागडच्या माणसाला आधी एटापल्ली गाठायची, मग आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत दीडशे किलोमीटरच्या आसपास जायचं, मजुरीचा दिवस बुडवायचा आणि माडिया बोलणाऱ्या तोंडाने मराठी-इंग्रजी अहवालावर हरकत नोंदवायची. सुरक्षेचं कारण अशा वेळी हाताशी असतंच. पण सुनावणी कुठे घ्यायची एवढ्याने कोण बोलेल आणि कोण बोलणार नाही हे ठरून जातं. तिथे लाच देण्या-घेण्याची गरजही उरत नाही.

शिवाय सुनावणीत मतदान नसतं. लोक बोलतात, प्रदूषण नियंत्रण मंडळ इतिवृत्त लिहून पाठवतं आणि निर्णय दिल्लीत होतो. सगळे विरोधात बोलले तरी मंजुरी मिळू शकते.

मग आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा? १९९६ च्या या कायद्याने ग्रामसभेची शिफारस सक्तीची केली ती मुरूम, दगड, रेती अशा गौण खनिजांसाठी. लोखंड आणि कोळसा प्रमुख खनिजं, ती त्याबाहेर. खरी ताकद होती वनहक्क कायद्यात. ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली, आणि २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत बारा ग्रामसभांनी वेदांतला नकार दिला तो याच कायद्याच्या बळावर. जून २०२२ च्या नव्या नियमांनी क्रम उलटा केला: आधी केंद्राची मंजुरी, वनहक्कांचं राज्याने नंतर पाहावं. मंजुरी मिळाल्यावर विचारलेल्या ‘हरकत आहे का’ला किती वजन असतं, हे ज्यांची जमीन रस्त्यात गेली आहे त्यांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक बसला. म्हणजे सुनावणी झाली तेव्हा जिल्ह्याच्या सभागृहात प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. हे कोणी खाणीसाठी घडवून आणलं असं मी म्हणत नाही. कारण ओबीसी आरक्षणाच्या वादाचं होतं. पण रिकाम्या सभागृहाचा फायदा कोणाला होतो, हे वेगळं सांगायला नको.

“खाणीला विरोध म्हणजे नक्षलवाद्यांना साथ”

नक्षलवाद्यांनी जून २०१३ मध्ये लॉइड्स कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा खून केला आणि डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहणाऱ्या पाऊणशे गाड्या जाळल्या. याचं समर्थन होऊ शकत नाही. पण पुढच्याच फेब्रुवारीत काय झालं ते कमी लोकांना आठवतं. या भागातल्या ग्रामसभांनी जिल्हा परिषदेला स्वतःचे उमेदवार उभे केले आणि लालसू नोगोटी, सैनू गोटा निवडून आले. मतपेटीवर बहिष्काराची पत्रकं लागायची त्या भागात खाणीचा प्रश्न मतपेटीतून मांडणं, याला नक्षलवाद म्हणायचं तर लोकशाही कशाला म्हणायचं? २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला नव्या खाणपट्ट्यांविरुद्ध आठ महिने धरणं चाललं, ते नोव्हेंबरात पोलिसांच्या कारवाईने संपलं.

उलट बाजूचा गैरसमजही आहे, की सगळा जिल्हा खाणीच्या विरोधात आहे. तसं नाही. ज्या घरात पगार सुरू झाला तिथे सूर वेगळा आहे. सुरजागडजवळच्या हेडरीला कंपनीचं रुग्णालय आहे आणि तिथे उपचार घेणाऱ्याला तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. मात्र डॉक्टर, शाळा, नोकरी या सरकारने द्यायच्या गोष्टी कंपनीकडून मिळू लागल्या की माणूस तक्रार घेऊन आमदाराकडे जात नाही आणि कंपनीविरुद्ध बोलताना दहादा विचार करतो. हाही राजकीय प्रभावच, फक्त कुठल्या खर्चाच्या नोंदवहीत तो चढत नाही.

“पैशापुढे कोणाचं काही चालत नाही”

ताडोबाच्या सीमेलगत अदानी समूहाला लोहारा कोळसापट्टा हवा होता (हे लोहारा वेगळं, टाटांचं नव्हे). २००९ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे चौदा दिवस उपोषणाला बसले, चंद्रपूर शहर त्यांच्यामागे उभं राहिलं आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पाऊल मागे घेतलं. त्या पट्ट्यात खाण झाली नाही.

बांबूची गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे. या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षं दीर्घ कराराने, सवलतीच्या दरात बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा, आणि गावकऱ्याने घरच्या कुडासाठी दोन काठ्या तोडल्या तर वनरक्षक दारात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला. तरी वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखातं देईना. हक्क कागदावर आणि बांबू जागेवर. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. पुढच्या हंगामात बांबूचं उत्पन्न कोटीच्या घरात गेलं.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वानुमते होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढच्या बैठकीवर जाते. बाहेरच्याला हे वेळखाऊ वाटतं. पण पैसेवाल्याच्या बाजूने विचार करून पाहा: बहुमत असेल तर शंभरातले एक्कावन्न आपल्याकडे वळवले की काम झालं. इथे शंभरच्या शंभर वळवावे लागतील, तेही सगळ्यांच्या देखत.

लोकांच्या जोराची परीक्षा दारूबंदीतही झाली, तिथे मात्र दोन्ही जिल्ह्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या, तेव्हा कुठे एप्रिल २०१५ मध्ये बंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली. गडचिरोलीची बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपूरच्या निर्णयानंतर तीही उठवावी अशी मागणी निघाली, तेव्हा शेकडो गावांनी ती कायम ठेवावी असे ठराव करून सरकारकडे पाठवले.