भिंत मिळाली, हक्काचे काय?

बेंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ हे खासगी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. जनगढसिंह श्याम यांच्या चित्रांचा मोठा संग्रह त्याच्यापाशी आहे. त्याच रस्त्यावरील सरकारी कलादालनाला नाव आहे के. वेंकटप्पा यांचे, तेही चित्रगार या परंपरागत चित्रकार समाजातून आलेले. समाजाच्या नावामागे व्यक्तीचे नाव लोपू न देणे, हे या दोन वास्तूंना जोडणारे सूत्र होय.

हे सूत्र आपल्याकडे उशिरा रुजले. वसाहतकालीन संग्रहालयांत आदिवासींची कला मानववंशशास्त्राच्या कपाटात असे; चिठ्ठीवर जमात आणि जिल्हा, कर्त्याचे नाव नाही. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन उभे राहिले, तेव्हा जे. स्वामिनाथन यांनी आदिवासी आणि नागर कलेला एकाच छपराखाली समकालीन म्हणून स्थान दिले. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढ त्यांच्या सहकाऱ्यांना याच शोधात भेटले. परधान हे गोंडांचे परंपरागत गाथागायक. बाना वाजवून ते देवांची स्तुती गात. गाण्यातले देव जनगढ यांनी कागदावर आणले आणि त्या शैलीला पुढे ‘जनगढ कलम’ हे नाव मिळाले.

परंतु नाव मिळाले म्हणजे न्याय मिळाला, असे नाही. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना जनगढ यांनी तेथेच आयुष्य संपवले. चाळिशीही न गाठलेल्या या कलावंताच्या मृत्यूनंतर त्याचे मानधन आणि कामाच्या अटी यांविषयी देशभरातील कलावंतांनी प्रश्न उपस्थित केले.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. मात्र मानांकन शैलीच्या नावाचे रक्षण करते. एखादे चित्र पुढे चढ्या भावाने विकले गेले, तर ते काढणाऱ्याच्या घरात त्याने काही पोहोचत नाही.

त्यासाठी कायदा आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५३-क नुसार मूळ चित्राची फेरविक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के. तरतूद स्पष्ट आहे. पण विक्री झाल्याची वार्ताच पाड्यावर पोहोचत नसेल, तर वाटा मागणार कोण?

म्हणून कलादालनांनी, आणि चित्रे विकत घेणाऱ्या शासकीय खात्यांनीही, तीन गोष्टींचा नियम करावा: कलावंताच्या भाषेत लेखी करार, मानधनाची स्पष्ट नोंद आणि फेरविक्रीची वारसांना सूचना. हे उपकार नव्हेत. व्यवहारातील साधा प्रामाणिकपणा आहे. चिठ्ठीवर नाव आले, ही निम्मी वाट झाली. उरलेली वाट हिशेबाच्या वहीतून जाते.