५०० डॉलरची चिल्लर घरी आणायची, तपासायची आणि परत बँकेत भरायची! अमेरिकेत लोक कोणतं नाणं शोधत होते?

एप्रिल २०१९. अमेरिकेतल्या बँकांच्या काउंटरवर एक वेगळंच गिऱ्हाईक दिसायला लागलं. हा माणूस ५०० डॉलरच्या नोटा द्यायचा आणि तेवढ्याच रकमेची चिल्लर मागायचा. दुकान आहे का, तर नाही. लाँड्री आहे का, तर तीही नाही. दोन-तीन दिवसांनी तोच माणूस जवळपास तेवढीच चिल्लर दुसऱ्या एखाद्या बँकेत भरून यायचा.

काळा पैसा नाही, घोटाळा नाही. त्याला हवं होतं एक अक्षर. पाव डॉलरच्या नाण्यावर कोरलेलं, मोहरीएवढं ‘डब्ल्यू’.

हे अक्षर काय होतं, ते सापडायची शक्यता किती होती आणि सापडल्यावर खरंच किती पैसे मिळायचे, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण “तुमच्याकडे हे नाणं असेल तर तुम्ही लखपती” असे मेसेज आपल्याही फॅमिली ग्रुपवर रोज येतात. त्यातलं खरं-खोटं ओळखायची किल्ली या गोष्टीत आहे.

आधी मिंट मार्क म्हणजे काय ते बघू

नाणं कोणत्या टांकसाळीत पाडलं हे सांगणारी छोटी खूण म्हणजे मिंट मार्क. अमेरिकेत ‘पी’ म्हणजे फिलाडेल्फिया, ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे वेस्ट पॉइंट.

तिथल्या २५ सेंटच्या नाण्याला क्वार्टर म्हणतात. (आपल्याकडे क्वार्टर म्हटलं की वेगळंच काही आठवतं, पण इथे विषय पाव डॉलरचा आहे.) रोजच्या वापरातले क्वार्टर पाडायचं काम फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टांकसाळींचं. त्यामुळे सामान्य माणसाच्या खिशात ‘पी’ आणि ‘डी’ हीच अक्षरं सापडतात.

वेस्ट पॉइंटचं प्रकरण निराळं. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या लष्करी अकादमीजवळ १९३० च्या दशकात चांदी साठवायचं कोठार म्हणून ही इमारत उभी राहिली. १९७० च्या दशकात देशाला चिल्लर कमी पडायला लागली तेव्हा इथे एक सेंटची नाणी आणि पुढे क्वार्टरही पाडले, पण त्यांवर खूणच टाकली नाही. ‘डब्ल्यू’ हे अक्षर पहिल्यांदा उमटलं ते १९८४ च्या ऑलिम्पिकनिमित्त काढलेल्या सोन्याच्या नाण्यावर. त्यानंतरही ते सोन्या-चांदीच्या आणि खास संग्राहकांसाठीच्या नाण्यांवरच राहिलं. दुकानदाराने सुट्टे म्हणून हातावर ठेवलेल्या नाण्यावर ‘डब्ल्यू’ दिसणं २०१९ पर्यंत शक्यच नव्हतं.

एकेकाळी सरकारनेच खुणा पुसल्या होत्या

रोल शोधायचा छंद तसा जुना आहे. बँकेतून नाण्यांच्या गुंडाळ्या आणायच्या, हवी ती नाणी काढून घ्यायची आणि बाकीची परत करायची. १९०९ सालचं, सॅन फ्रान्सिस्कोची खूण आणि ‘व्हीडीबी’ ही शिल्पकाराची आद्याक्षरं असलेलं एक सेंट फक्त ४ लाख ८४ हजार इतकंच निघालं होतं. १९१६ सालचं डेन्व्हरचं दहा सेंटचं नाणं तर २ लाख ६४ हजारच. अशा नाण्यांसाठी पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी आयुष्यभर चिल्लर चाळली.

पण १९६० च्या दशकात अमेरिकेत चिल्लरची भयंकर टंचाई झाली. व्यवहार वाढले होते, नाणं टाकून चालणारी व्हेंडिंग मशीन जागोजागी आली होती आणि चांदी महागत होती. पण सरकारच्या मते यात संग्राहकांचाही मोठा हात होता. लोक दुर्मिळ होतील या आशेने नाण्यांचे रोलच्या रोल घरात दाबून ठेवत होते. डेन्व्हरचं १९५० चं पाच सेंटचं नाणं हे त्याचं गाजलेलं उदाहरण. ते २६ लाखांच्या आसपासच निघालं, त्यामुळे लोकांनी न वापरताच साठवलं. भाव चढत गेला, १९६० च्या दशकात शिखरावर पोहोचला आणि मग कोसळला. कारण साधं होतं. प्रत्येकानेच जपून ठेवल्यामुळे ते हवं त्याला मिळत होतं.

शेवटी सरकारने कडक पाऊल उचललं. १९६५ च्या नाणे कायद्याने क्वार्टरमधली चांदी गेली आणि मिंट मार्कही गेला. १९६५, १९६६ आणि १९६७ या तीन सालांच्या नाण्यांवर कोणतीच खूण नाही. खूण नसेल तर लोक शोधणार काय आणि साठवणार काय, असा हिशोब होता. १९६८ मध्ये खुणा परत आल्या.

मग २०१९ मध्ये उलटं का केलं?

पन्नास-एक वर्षांत चित्र पालटलं होतं. लोक कार्डाने पैसे द्यायला लागले होते, नाण्याकडे कुणी वळून बघेना आणि छंदाला नवी पोरं मिळेनात. तेव्हा ज्या खुणेमुळे लोक नाणी पळवतात म्हणून ती एकेकाळी काढली, तीच खूण लोकांनी नाण्यांकडे बघावं म्हणून मुद्दाम टाकायचं टांकसाळीने ठरवलं.

त्या वर्षी क्वार्टरच्या मागच्या बाजूला पाच वेगवेगळी राष्ट्रीय स्थळं होती. मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल, उत्तर मारियाना बेटांवरचं अमेरिकन मेमोरियल पार्क, गुआममधलं युद्धस्मारक, टेक्सासमधली सॅन अँटोनियो मिशन्स आणि आयडाहोतलं फ्रँक चर्च अरण्य. प्रत्येक डिझाइनचे फक्त २० लाख क्वार्टर वेस्ट पॉइंटला पाडले, म्हणजे एकूण १ कोटी. ते विकले नाहीत. नेहमीच्या नाण्यांत मिसळून फेडरल रिझर्व्हमार्फत बँकांकडे पाठवून दिले. २०२० मध्येही पाच नव्या डिझाइनचे तेवढेच काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला ७५ वर्षं झाली म्हणून त्यांवर ‘व्ही ७५’ अशी जादा खूणही होती.

सापडायची शक्यता किती?

अमेरिकेत क्वार्टरच्या एका रोलमध्ये ४० नाणी असतात, किंमत १० डॉलर. अशा ५० रोलची एक पेटी, म्हणजे २,००० नाणी आणि ५०० डॉलर. गंभीर शोधकर्ते पेटीच उचलतात.

लोवेलचं उदाहरण घ्या. त्या डिझाइनचे क्वार्टर फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरने मिळून सुमारे ३५ कोटी पाडले. त्यात ‘डब्ल्यू’वाले २० लाख. म्हणजे त्या डिझाइनच्या साधारण १७५ नाण्यांत एक.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण पेटीत फक्त लोवेल नसतो. त्यात गेल्या पन्नास वर्षांतले कसलेही क्वार्टर असतात. शिवाय ‘डब्ल्यू’ देशभर सारखे पसरलेले नव्हते. ज्या भागात त्या पिशव्या गेल्या तिथे एकाच रोलमध्ये अनेक निघायचे आणि शेजारच्या राज्यात माणूस महिनाभर चाळत बसला तरी हाताला काही लागायचं नाही.

समजा, प्रमाण दोन हजारात एक आहे असं धरलं. मग सरासरी एका पेटीत एक नाणं येतं. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. संभाव्यतेचं गणित सांगतं की अशा १०० पेट्यांपैकी सुमारे ३७ पेट्यांत एकही ‘डब्ल्यू’ नसेल. किमान एक मिळेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर तीन पेट्या उघडाव्या लागतील. एका नाण्याला दोन सेकंद दिले तरी एका पेटीला तास उलटून जातो. रोल सोडणं, पुन्हा बांधणं आणि बँकेच्या खेपा वेगळ्याच.

शोधणारे नेमकं काय करतात?

आधी साल बघायचं. २०१९ किंवा २०२० नसेल तर नाणं बाजूला. असेल तर वॉशिंग्टन यांच्या मुखवट्याची बाजू वर करायची आणि त्यांच्या बांधलेल्या केसांच्या मागची खूण बघायची. नजर बसली की हात आपोआप चालतो.

तेवढ्यात कडाही तपासली जाते. १९६५ पासूनच्या क्वार्टरच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते. रेघ नसेल आणि कडा पांढरी असेल तर ते १९६४ किंवा त्याआधीचं, ९० टक्के चांदीचं नाणं असू शकतं. त्याची नुसती चांदीच दर्शनी किमतीच्या कित्येक पट भरते.

आणखी एक अलिखित नियम आहे. चिल्लर जिथून घेतली तिथेच परत भरायची नाही. एक तर काउंटरवरचा माणूस वैतागतो आणि दुसरं म्हणजे आपणच चाळलेले रोल फिरून आपल्याच हातात येतात. काही बँका चिल्लर मोजायचे पैसे लावतात, तेही आधी विचारून घ्यावं लागतं.

हा खेळ रंगात असतानाच कोविड आला. दुकानं बंद, नाणी लोकांच्या घरात अडकलेली. जून २०२० मध्ये फेडरल रिझर्व्हने बँकांना मिळणाऱ्या चिल्लरवर मर्यादा घातली. दुकानदारालाच सुट्टे मिळेनात, तिथे छंद म्हणून पेटी मागणाऱ्याला कोण देणार?

आणि मिळाल्यावर किती पैसे?

इथे अनेकांचा भ्रमनिरास होतो. वापरून घासलेल्या ‘डब्ल्यू’ क्वार्टरला काही डॉलर, स्वच्छ चकचकीत नाण्याला दहा-वीस डॉलरच्या आसपास. तज्ज्ञ संस्थेने अत्युत्तम दर्जा दिलेल्या मोजक्या नाण्यांना जास्त मिळतात, पण पिशवीत एकमेकांवर आपटत आलेल्या नाण्याला तो दर्जा सहसा मिळत नाही.

अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पेटी आणणं, चाळणं आणि परत करणं यात दोन-तीन तास सहज जातात. तेवढ्या वेळाची साधी मजुरीही साधारण या नाण्याएवढीच भरते. म्हणून हा धंदा होत नाही, छंदच राहतो. मात्र त्यात एक फार मोठी गोष्ट आहे. शोधणाऱ्याचं मुद्दल बुडत नाही. नाणं नाही सापडलं तरी ५०० डॉलर जसेच्या तसे परत येतात. जातो तो फक्त वेळ.

आता आपल्या ग्रुपवरच्या मेसेजकडे वळू

भारतीय नाण्यांवरही मिंट मार्क असतो. सालाच्या खाली बघा. चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. कधीकाळी आपण परदेशातूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर दिसणारं ‘एच’ हे अक्षर त्यातलंच, ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं. या ‘एच’ला लाखो रुपये मिळतात असे मेसेज फिरतात.

त्यावर ‘डब्ल्यू’चंच गणित लावा. १ कोटी नाणी, ती शोधणारे असंख्य हौशी लोक आणि तरी भाव दहा-वीस डॉलर. नाणं वेगळं दिसतं, जुनं आहे किंवा त्यावर खूण आहे एवढ्याने किंमत येत नाही. ते किती निघालं, कोणत्या अवस्थेत उरलं आणि विकत घ्यायला कितीजण उभे आहेत, या तीन गोष्टी मिळून भाव ठरतो. लोकांच्या डब्यांत सहज सापडणाऱ्या रुपयाला कुणी लाखभर का देईल?

या मेसेजचा खरा डाव पुढे असतो. “तुमचं नाणं पसंत पडलंय, फक्त नोंदणी फी भरा”, मग “कर भरा”, मग “कमिशन भरा”. यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगोही वापरला जातो. म्हणूनच ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

घरातला चिल्लरचा डबा आज रात्री जरूर उपडा करा. मुलांना घेऊन बसा, चौकट, तारा, ठिपका शोधा. एखादं खरंच वेगळं नाणं दिसलं तर ते घासून चमकवू नका, त्याने किंमत कमीच होते. जाणकार विक्रेत्याला किंवा नाणी प्रदर्शनात नेऊन दाखवा. आणि विकण्याआधीच कुणी तुमच्याकडे पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या.