इसब, शेंगदाणा आणि बाळाची त्वचा



शॉमबर्गच्या हिवाळ्यात घरोघरी हीटर सुरू झाला की हवा कोरडी होते आणि बाळाच्या गालांवर, मोठ्या मुलांच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या खळग्यांत खाजरे चट्टे उमटतात. पुष्कळ मुलांचा इसब वयाबरोबर ओसरतो, म्हणून आपण त्याला निव्वळ कातडीचे दुखणे मानतो. मला ते मान्य नाही. यांपैकी काही मुलांना पुढे अन्नाची अ‍ॅलर्जी, दमा वा परागकणांची सर्दी जडते. खाजेने झोपमोड होते ती निराळीच. तिचा परिणाम अभ्यासावर आणि स्वभावावर होतो.

या साखळीतील एक दुवा यहुदी मुलांमुळेच उलगडला. गिडियन लॅक यांच्या लंडनमधील चमूने २००८ साली ब्रिटन व इस्रायल येथील यहुदी शाळकरी मुलांची तुलना प्रसिद्ध केली. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्रायलमध्ये ०.१७ टक्के मुलांत आढळली. वंश एकच, आहार भिन्न. इस्रायली बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा बांबा चघळू लागतात. ब्रिटनमध्ये तो पदार्थ बाळांपासून दूर ठेवला जाई. मग तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. २०१५ साली निष्कर्ष आला: पाचव्या वर्षी, शेंगदाणा वर्ज्य केलेल्यांत १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के.

लॅक यांची उपपत्ती अशी, की अन्नाचा अंश भेगाळलेल्या त्वचेवाटे शिरला तर शरीर त्यास शत्रू समजते. मुखावाटे आला तर पाहुणा. आपण शनिवार तेल्यांचे वंशज, तान्ह्याला तेल चोळल्याखेरीज आपले समाधान होत नाही! तरीही इसबाच्या त्वचेवर शेंगदाण्याचे तेल लावू नये, ऑलिव्हचेही नको. स्नानानंतर ओलसर अंगावरच सुगंधरहित मलम किंवा पेट्रोलियम जेली लावावी. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे मलम दिले असल्यास भीतीपोटी अर्धवट सोडू नये.

इसब तीव्र असेल, तर शेंगदाणा आपल्या मनाने सुरू करू नये. बाळ चार महिन्यांचे होताच डॉक्टरांना विचारावे. ते आधी तपासणी करवतील, आणि अनुमती मिळाल्यास चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पाणी घालून पातळ केलेले पीनट बटर देता येते. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कदापि देऊ नये, तो घशात अडकतो. आणि इसबाचे मूल रात्री वारंवार खोकत असेल, तर ते थंडीवर न ढकलता दम्याची तपासणी करवून घ्यावी.